किसनचे तेरा ओके

किसन राठोड गेल्याचं फोनवर कळलं तेव्हा मी ‘ओके’ म्हणालो.

फोन बोरी अरबच्या स्टँडवरच्या पानठेल्यावाल्या गजूचा होता. “गुर्जी, किसनभाऊ गेले. दुकानातच... मोटर पाहून राह्यले होते, खाली बसले ते बसलेच.” आणि मी, उभा जन्म पोरांना मराठी शिकवून निवृत्त झालेला, आता पेपरात सदर लिहिणारा माणूस, म्हणालो, “ओके.” गजूनं फोन ठेवला. माझी आधीची चूक अख्ख्या गावाला ठाऊक होती, त्यामुळे ही दुसरी मी मुद्दाम केली असंही त्याला वाटलं असेल.

आधीची चूक सांगतो. किसनचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. आजूबाजूच्या खेड्यांतून विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी त्याच्याकडे येत. जुनी तार उपसायची, नवी भरायची, व्हार्निश पाजून वाळवायचं आणि शेवटी पाण्याच्या टाकीत सोडून मोटर चालवून बघायची. पेचकसाचं टोक मोटरीच्या अंगाला आणि मूठ आपल्या कानाला लावून किसन डोळे मिटून उभा राही. आत बेअरिंग कुरकुरतंय का, ते त्याला त्यातून ऐकू येई. मोटरीचा मालक मागे श्वास रोखून. मग किसन म्हणे, “ओके.” तो म्हणेपर्यंत कोणी मोटरीला हात लावत नसे.

पण तो शब्द मोटरीपुरता कधी राहिलाच नाही. भुवई उडवून ‘ओके?’ म्हणजे चहा सांगू का. ‘ओके ओके’ असं घाईत म्हणजे आता तुझं पुराण पुरे. मोटर पार खाक झाली असली, की तिच्याकडे बघून मान हलवत ‘ओके झाली ही’. मत मागायला आलेल्याला लांबलचक ‘ओऽके’, म्हणजे थापा चालू द्या, मी ऐकतोय. पोट भरलं की ताटावर हात आडवा धरून ओके. आणि माझी आई गेली तेव्हा... मी चितेपुढे खांबासारखा उभा होतो. किसन मागून आला, तेलकट हात खांद्यावर ठेवला आणि हळूच म्हणाला, “ओके... ओके... ओके.” तेरा दिवस लोकांनी मला आत्मा अमर असल्याचं समजावलं. त्यातलं एक वाक्य आज आठवत नाही. ते तीन ओके आठवतात.

आणि तेच मी चव्हाट्यावर मांडले. गावच्या वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम होता. माईक दिसला की मला खाज सुटते, हे माझ्या बायकोनं लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच ओळखलं होतं. मी विषय जाहीर केला, ‘किसनचे तेरा ओके’. किसन दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला शेजारी घेऊन बसला होता. मी त्याची नक्कल करत एकेक ओके काढला. लोक खुर्च्या वाजवायला लागले. बाराव्यावर मी खाली बसायला हवं होतं. तेराव्यासाठी मी मान कलती केली, हवेतल्या कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवला, आवाज त्याच्यासारखा घोगरा केला... सगळ्यात मोठा हशा त्याला पडला.

किसन उठून गेला नाही. थोडा हसलासुद्धा, सगळे हसतात म्हणून. जाताना मी विचारलं, “कसं झालं बे?”

“चांगलं झालं, गुर्जी,” तो म्हणाला. पाचवीपासून मला रम्या म्हणणारा किसन.

त्यानंतर त्यानं तो शब्द बंद केला. गजू सांगे, “गिऱ्हाईक इचारते, झाली काय भाऊ? तं ते फक्त ‘न्या’ म्हनते.” ‘न्या’वर लोकांचा भरवसा बसेना. एक जण मोटर घेऊन घरापर्यंत गेला आणि परत येऊन विचारू लागला, “ओके तं हाये ना, किसनभाऊ?” किसननं नुसती मान हलवली म्हणे. हे ऐकून मी हसलो होतो... तेही सांगून टाकतो.

साडेतीन महिने मी त्याच्या दुकानावरून जात होतो. आत जाऊन ‘चुकलो’ एवढं म्हणायचं होतं. पण मला साधं बोलता येतं कुठे! मी मनात माफीचं भाषण रचत होतो. रोज त्यात एखादं चुरचुरीत वाक्य वाढे. भाषण फार छान झालं होतं. ऐकणारा गेला.

गेल्या आठवड्यात त्याच्या तांड्यावर गेलो. त्याची बायको, शेवंतावहिनी, ओसरीत तूर पाखडत होत्या.

“वयनी, माह्यं चुकलं.”

“काय चुकलं?” सूप थांबलं नाही.

मी कार्यक्रमाचं सांगू लागलो. त्यांनी मधेच तोडलं. “मी होती ना तेथं. घरी आल्यावर जेवले नाई ते. मी म्हनलं, काहून? तं म्हने, तांड्यावरून शाळेत गेलो तवा मी तोंड उघडलं का वर्ग हासे. रम्याबी हासे. ह्या एका शब्दाले कोनी हासत नोतं...” सूप थांबलं. “आता त्याच्यावरबी हासले, म्हने.”

मला पाचवीतलं ते हसणं आठवत नव्हतं. खूप आठवून पाहिलं. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, यवतमाळच्या स्पेअरपार्टवाल्याशी हिंदी... तिन्हीकडे बिनधास्त उच्चारता येईल असा एक शब्द त्या माणसानं जन्मभरासाठी शोधला होता. मराठीचा मास्तर असून मी त्याचे अर्थ मोजत बसलो, आणि तेरा भरले म्हणून खूश झालो.

“मंग... माह्याबद्दल काही म्हनला काय तो? नंतर कधी?”

वहिनींनी सुपातले खडे वेचून ओसरीखाली टाकले.

“नाई. तुमचं नाव नाई काढलं त्याईनं.”

खुंटीवर किसनचा कामाचा शर्ट लटकत होता. व्हार्निशचे डाग पडलेला, न धुतलेला, कोपरांत अजून दुमडलेला. आत हात असल्यासारखा. त्या शर्टाकडे बघताना मला रडू फुटलं. पण रडता रडताही मी मनात वाक्य जुळवत होतो... कोपरांत दुमडलेला, आत हात असल्यासारखा... ओठ हलले असावेत. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी सूप उचललं.

“रडा,” त्या म्हणाल्या. “आन् उद्या हेबी पेपरात देसान तुमी.”