औषध गावात, चावी जालन्याला

निघताना घरी विचारलं, जालन्याला काय बघायला चाललीस? मी म्हटलं, एक कपाट. ते खोटं नव्हतं. आमच्या चिपळूणकडच्या माणसांना मराठवाडा म्हटलं की वेरूळ नि अजिंठा, त्यापलीकडे काही सुचत नाही, म्हणून सगळे हसले. मी औषध निरीक्षक. नोकरीत महाराष्ट्रभर फिरले, पण माझं देवदर्शन म्हणजे औषधांची दुकानं, गोदामं आणि दवाखान्यांच्या मागच्या खोल्या. यावेळचं कपाट मात्र वेगळं होतं. तीर्थपुरीच्या अलीकडच्या एका गावात एका धर्मादाय दवाखान्यानं औषध देणारं यंत्र बसवलं होतं. औषध गावात, आणि ते द्यायचं की नाही हे ठरवणारा फार्मासिस्ट पन्नासेक किलोमीटरवर जालन्यात. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही.

कायदा सांगतो की औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिलं पाहिजे. आता देखरेख जालन्यातून, टेलिफोनच्या तारेवरून होते का, हा प्रश्न होता. आमच्या खात्यानं वर्षभराची तात्पुरती परवानगी दिली होती. ती कायम करायची की यंत्राला टाळं ठोकायचं, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. खरं सांगायचं तर मी टाळ्याच्या बाजूची होते. एका दवाखान्याच्या पहारेकऱ्यानं चहाच्या कपानं खोकल्याचं औषध मोजून दिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हापासून कपाट, कुलूप आणि चावी या तीन गोष्टींवर माझा माणसांपेक्षा जास्त विश्वास.

गाडीनं पहाटे जालन्याला उतरवलं. स्टेशनबाहेर पहिलं काय दिसलं तर मोसंब्यांचे ढीग, आणि त्यांच्यामागे भिंतभर बियाण्यांच्या जाहिराती. आमच्याकडे पाट्यांवर माणसांचे चेहरे असतात, इथे कापसाची बोंडं आणि मिरच्या. चहा इतका गोड की चमचा उभा राहावा. चहावाल्याला तीर्थपुरीची गाडी विचारली तर म्हणाला, "जल्दी करा, सहाची लागलीच आसंल." लागली होती आणि भरलीही होती. एका बाईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवून मला टेकण्यापुरती जागा करून दिली.

वाटेत काळी जमीन, उभी तूर, मधेच मोसंबीची बाग, आणि पुन्हा काळी जमीन. झाडांच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला एवढं आभाळ एकदम अंगावर येतं. अंबडच्या स्टँडवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभार दादांनी चार टाके घातले आणि कुठं चाललात ते विचारलं. दवाखान्यात म्हटल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, "तिथं मशीन बसवलंय. आवाज जालन्याचा येतो अन् गोळी हितं पडते. आमची म्हातारी दोनदा जाऊन आल्ती." माझ्या अहवालातली पहिली साक्ष अशी चपलेच्या निमित्तानं मिळाली.

पुढे उसाची शेतं लागली. गावात उतरले तेव्हा बाजाराचा दिवस असल्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माळवं (भाजीपाला) मांडायला सुरुवात झाली होती. दवाखाना म्हणजे तीन खोल्या, समोर ओटा आणि अंगणात कडुनिंब. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस सगळा कारभार पवार सिस्टरांचा. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. तपासणीवाली बाई म्हणून माझ्याशी जरा जपून वागत होत्या, पण पोटात काही आहे का हे त्यांनी आधी विचारलं आणि धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थालीपिठं) पुढे ठेवले. सोबतच्या ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आणलं. तपासणीची सुरुवात डोळे पुसत करण्याची ही माझी पहिलीच वेळ.

यंत्र लोखंडी कपाटाएवढं होतं. समोर जाड काच, आत कप्प्या-कप्प्यांत गोळ्यांची पाकिटं, खाली एक ताट. बाजूला छोटा कॅमेरा आणि बोलण्याचं खोकं. सिस्टरांनी डॉक्टरची चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरायची, ती जालन्यात खरात नावाच्या फार्मासिस्टला दिसायची. ते पेशंटशी बोलायचे आणि मग तिकडून बटण दाबायचे, की इकडे ताटात पाकीट पडायचं. मी सकाळभर बघत उभी होते. एका आजोबांना खरातांनी विचारलं, की मागच्या गोळ्यांनी पायाला सूज आली का. आजोबांनी कॅमेऱ्यापुढे पायच उचलला. खरातांनी गोळी दिली नाही, डॉक्टरांना दाखवा म्हणाले. मुंबईतल्या किती दुकानांत गोळी देताना कोणी पायाकडे बघतं, हा विचार माझ्या मनात आला आणि मला तो आवडला नाही.

कुलूप पाहिलं. चावी कुठे असते, विचारलं. परवानगीतली सर्वांत कडक अट तीच होती, की चावी दवाखान्याच्या आवारात ठेवायची नाही, फार्मासिस्टच्या ताब्यात ठेवायची. ती अट मला पूर्ण मान्य होती. चावी इथे राहिली तर ते यंत्र कसलं, साधं कपाटच. सिस्टर म्हणाल्या, "जालन्याला. सरांपाशी असते." आणि उगाचच टेबलावरचा कापूस आवरायला लागल्या. मी वहीत बरोबरची खूण केली.

बारा वाजता लाईट गेली. त्या वर्षांत भारनियमन सगळीकडे होतं, या भागात बाजारच्या दिवशी बारा ते सहा. बॅटरी अर्धा तास चालली आणि यंत्रावरचा दिवा विझला. रांगेत अजून वीसेक माणसं होती. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. कोणी हूं की चूं केलं नाही. सगळी निंबाखाली जाऊन बसली, फडकी सोडली, भाकरी नि कोरड्यास (भाकरीबरोबरची पातळ भाजी) काढलं. या लोकांच्या सोशिकपणाचं मला फार कौतुक वाटलं. ते कौतुक दीडपर्यंत टिकलं.

दीड वाजता जालन्याची एसटी फाटकासमोर थांबली आणि निंबाखालची सगळी माणसं उठून उभी राहिली. कंडक्टर खाली उतरला आणि दोन्ही रिकामे हात वर करून म्हणाला, "आज चावी न्हाई. तपासणीच्या बाई येऊन राह्यल्या म्हणून सरांनी दिलीच न्हाई. आज कायद्यानं चालायचं म्हणले."

मग त्यानं मला पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तो घाईनं गाडीत चढला आणि घंटी मारली.

माझा पारा चढला. सिस्टरांना आत बोलावून विचारलं, तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. भारनियमन सुरू झाल्यापासून दर बाजारच्या दिवशी चावी या गाडीनं येत होती. खरात ती एका डब्यात घालून कंडक्टरकडे देत. आपल्याकडेही एसटीबरोबर मुलाचा डबा नाहीतर आंब्याची पेटी जाते, तशी. चावी आली की सिस्टर फोन लावत, कपाट उघडत, पाकिटावरचं एक एक अक्षर खरातांना वाचून दाखवत आणि ते हो म्हणाले की देत. संध्याकाळच्या गाडीनं चावी परत. "रात्री ती जालन्यालाच असते, म्याडम," त्या म्हणाल्या. "चावीनं दिवसा फिरू न्हाई असं कुठं लिहिलेलं न्हाई." मी त्यांना बरंच सुनावलं. डब्यातून चावी. कंडक्टरच्या हातातून. वर्षानुवर्षं मी नोकरीत जे सांगत आले त्या सगळ्याचं भरीत झालं होतं.

माझं बोलणं संपायच्या आत एक बाई दारात येऊन उभी राहिली. सुमनबाई नाव. लांबच्या वस्तीवरून (शेतातल्या चार-पाच घरांच्या मुक्कामावरून) आलेली. तिच्या मुलीला, रेखाला, फिट येत. गोळ्या सुरू झाल्यापासून फिट यायच्या बंद झाल्या होत्या, पोरगी शाळेत जायला लागली होती. ती गोळी झोपेच्या जातीची, म्हणून एका वेळी आठवड्याचीच द्यायची, हीही आमचीच अट. कालची रात्रीची गोळी शेवटची होती. वस्तीकडे जीप फक्त बाजारच्या दिवशी, आणि ती चारला परत निघायची. लाईट सहाला येणार.

"बाई," ती म्हणाली, "मला चारची जीप हाय." एवढंच. पदराच्या गाठीतून रिकामं पाकीट काढून तिनं माझ्यापुढे धरलं.

मी औषधशास्त्र शिकलेली बाई. ती गोळी एकदम थांबवली तर फिट आधीपेक्षा जोरात उलटू शकतात, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. गोळ्या काचेच्या आत, डोळ्यांसमोर दिसत होत्या. सिस्टरांनी तीर्थपुरीच्या आणि अंबडच्या दुकानांना फोन केले. ती गोळी कोणी ठेवत नव्हतं. काच फोडावी असं एकदा मनात आलं, पण काच माझ्या खात्याच्याच शिफारशीनं न फुटणारी बसवली होती. शेवटी मीच खरातांना फोन लावला.

ते शांतपणे बोलले. अडीचच्या गाडीला अजून वेळ आहे, मी स्टँडवर जाऊन चावी देऊ शकतो, म्हणाले. मग पुढे, "पण म्याडम, आज ते तुम्ही म्हणायला पाहिजे. मी न्हाई म्हणणार."

माझ्या पिशवीत ती अट होती, खात्याच्या शिक्क्यासकट. समोर सिस्टर आणि सुमनबाई उभ्या. मी नोंदणी झालेली फार्मासिस्ट आहे, मी इथे हजर आहे, म्हणजे आज तरी देखरेखीत उणं नाही, असं मी मनाशी पटवायला लागले. पण ते आजपुरतं होतं, पुढच्या बाजाराला मी नसणार होते, हे मला कळत होतं.

"पाठवा," मी म्हटलं.

पुढचे दोन तास मी ओट्यावरच्या बाजेवर (दोरीच्या खाटेवर) बसून काढले. सिस्टरांनी चहा दिला, तो निवला. चार वाजले, गाडी नाही. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. सुमनबाई उठली नाही, नुसती रस्त्याकडे बघत राहिली. जीपमधल्या एका म्हाताऱ्यानं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, की पोरीच्या गोळ्या यायच्यात, थांब. आतल्या बायका तर पिशव्या घेऊन खालीच उतरल्या. मला त्या सगळ्यांपुढे भीषण लाज वाटली, आणि त्यांच्यावर जीवही जडला. एसटी आली तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते. कंडक्टरनं स्टीलचा डबा थेट माझ्या हातात दिला. आत रुमालात गुंडाळलेली चावी.

सिस्टरांनी कपाट उघडलं, पाकीट फोनवर वाचलं, खरात हो म्हणाले, मीही पाहिलं. सुमनबाईनं गोळ्या पदरात बांधल्या. ती आभार मानील असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "पुढच्या बाजारी बी येनार का तुम्ही? यायच्या असाल तर आधी कळवा. मंग मी आदल्या दिवशी पायी येते." आणि जीपकडे पळत गेली.

रांग संपवून मी शेवटच्या गाडीनं निघाले. कंडक्टरनं डबा माझ्याच मांडीवर ठेवला. तुम्ही जालन्यालाच उतरणार, तर सरांच्या हातात द्या, म्हणाला. अंबडपर्यंत तीन जणांनी विचारलं, दवाखान्याची चावी हाये का ती, आणि एकानं तर डबा नीट धरा म्हणून सांगितलं.

जालन्याच्या स्टँडवर खरात सायकल घेऊन उभे होते. किडकिडीत, चष्मा, माझ्याच वयाचे. दिवसभर आवाज ऐकल्यामुळे जुनी ओळख असल्यासारखं वाटलं. डबा घेऊन त्यांनी चावी पाहिली आणि खिशात ठेवली. माझी मुंबईची गाडी लागायला थोडा वेळ होता. ते म्हणाले, "म्याडम, इतके दिवस पाठवत होतो ते चुकलं, का आज ठेवून घेतली ते चुकलं? तेवढं सांगून जा. पुढं कसं वागायचं ते मला कळंल."

नियमानं उत्तर सोपं होतं. तरी मी म्हटलं, "आज ठेवून घेतलीत ते."

त्यांनी मान हलवली. मला स्टेशनपर्यंत सोडलं आणि वाटेत मोसंब्या घेऊन दिल्या.

घरी आल्यावर मोसंब्या सगळ्यांना आवडल्या. कपाट कसं होतं हे कोणी विचारलं नाही. अहवाल मात्र मी पूर्ण लिहिला. दुसरी चावी गावातच, मोहोरबंद पाकिटात सिस्टरांच्या ताब्यात ठेवावी. मोहोर फार्मासिस्ट फोनवर असतानाच फोडावी. बाजारच्या दिवशी फार्मासिस्टनं स्वतः हजर राहावं. चावी कोणाच्या तोंडच्या हुकमावरून आली, तेही लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि तेवढं वाक्य काढून टाका, तुमच्यावरच येईल, म्हणाले. मी काढलं नाही. निर्णय अजून आलेला नाही, माझ्याकडून खुलासा मात्र मागवला आहे. त्यात मी एवढंच लिहिणार आहे, की त्या गावात रेखाच्या गोळ्या कुलपात अडकल्या त्या फक्त एकदाच, मी तपासायला गेले त्या दिवशी.