रफूवाली मावशी आणि हातांचा नाच

माझी मोठी मावशी रफूचं काम करायची. किडीने खाल्लेल्या कापडाचेच धागे काढून ती भोक असं बुजवायची, की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारायचं, "होतं कुठे ते?" बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून तिचं दुकान होतं. एक खिडकी, एक टेबल आणि भिंगाचा दिवा, की संपलं दुकान. लग्न तिने केलं नाही. माझी आई म्हणायची, "ताईला स्थळं काय कमी आली? पण प्रत्येकात तिला कुठे ना कुठे उसवलेलं दिसलं."

समोरचं पडद्यांच्या कापडाचं दुकान बंद पडलं आणि तिथे व्हिडिओ गेमचा हॉल आला. गाड्यांच्या शर्यती, बंदुका, मारामाऱ्या, हा सगळा गोंगाट मावशीने सहन केला. पण एका सोमवारी चार माणसांनी धापा टाकत एक भलंमोठं मशीन जिन्यावरून चढवलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं डोकं उठलं.

ते जपानमधून आलेलं नाचाचं मशीन होतं. बुटका चौथरा, समोर पडदा, आणि चौथऱ्याभोवती डोक्याच्या वर पाच दिवे. पायांना तिथे काम नव्हतं, सगळा नाच हातांचा. पडद्यावर खालून बाण वर सरकायचे. बाण वरच्या रेषेला टेकला, की त्या दिशेच्या दिव्याखाली हात न्यायचा. वेळ साधली तर दिवा लखकन उजळायचा. गाणी जपानी, कोणालाही न कळणारी, पण ठेका असा की टेबलावरच्या टाचण्या थरथरायच्या.

तीन दिवस मावशीने दात-ओठ खाल्ले. चौथ्या दिवशी सुई बोटात घुसली, तेव्हा ती उठून भांडायला गेली.

हॉलमधली मशीनं सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणायचे. पन्नाशीचा, एकटा राहणारा, खिशात कायम टेस्टर.

"हे जरा हळू वाजेल का? माझं काम एकेका धाग्याचं आहे," मावशी म्हणाली.

"आवाज कमी केला तर खेळणाऱ्याला ठेका कळत नाही."

"मला काय करायचंय तुमच्या ठेक्याशी?"

"एकदा हात घालून बघा. मग सांगाल तेवढा कमी करतो."

एकदाचं मिटावं म्हणून तिने हात घातला. दिवा उजळला तसा झटकन मागे घेतला. मग पुन्हा घातला. "मला वाटलं चटका बसेल," तिने मला नंतर सांगितलं. "नुसता उजेड होता गं."

दुपारी एक ते दोन हॉल रिकामा असायचा. मिस्त्री म्हणाला, मशीन रोज तपासावं लागतं, कोणीतरी खेळून दाखवणारं हवं. ते रोज तपासावं लागत नव्हतं, हे पुढे त्यानेच माझ्यापाशी कबूल केलं.

पहिले काही महिने नुसता आनंद होता. उजवा हात सुईचा, त्याला पटकन उमजायचं. डावा हात वीस वर्षं फक्त कापड धरून बसलेला, तो भलतीकडेच जायचा. मग मावशी बसथांब्यावर उभ्या उभ्या डावा हात हलवायची. लोक बाजूला सरकायचे.

मी तेव्हा मागच्याच गल्लीतल्या कॉलेजात होते, डबा खायला तिच्याकडे जायचे. एका दुपारी दुकानाला कुलूप दिसलं आणि समोरून गाणं ऐकू आलं. डोकावले तर चौथऱ्यावर मावशी. चष्मा दोरीला लोंबकळतोय, पाठ ताठ, दोन्ही हात वर, बाजूला, पुन्हा वर. पाचही दिवे तिच्याभोवती लुकलुकत होते. मी तिला आजवर टेबलावर वाकलेलीच पाहिली होती. मावशी उंच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

हळूहळू माझ्या कॉलेजातल्या मुली तिच्या मागे उभ्या राहून हात हलवायला लागल्या. त्यांनी तिचं नाव ठेवलं रफूमावशी. ती त्यांना दटावायची, "मनगट सैल सोड. चादर झटकतेस का?" चुकलेल्या मुलीला ती वाकडं बोलायची नाही, फक्त म्हणायची, "उसव आणि पुन्हा घाल."

ही बातमी आईच्या कानावर गेली. आई तरातरा आली.

"ताई, या वयात हे काय? लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्या मागे रांगेत उभे आहेत. विचार त्यांना."

आईने बाकावर बसून तीन गाणी बघितली आणि जाताना एवढंच म्हणाली, "दुसऱ्या गाण्यात दोनदा चुकलीस."

असं चार वर्षं चाललं. मग मशीनचा एक दिवा गेला. त्याचे भाग बनणं केव्हाच थांबलं होतं. मिस्त्रीने इकडचं तिकडे जोडून काही महिने ओढले, मग दुसराही दिवा गेला. तोवर मुली घरीच कॉम्प्युटरवर खेळायला लागल्या होत्या. मालकाने हॉल बंद करायचं ठरवलं.

शेवटच्या दुपारी आम्ही सात-आठ जणी जमलो. मावशी चढली. तीनच दिवे चालू होते, पण ती पाचांसाठी नाचली. जिथे दिवा मेलेला होता, तिथेही हात बरोबर ठेक्यावर जात होता. पडद्यावर गुण घसरत होते.

"मावशी, तिथे आता दिवा नाही," मी म्हटलं.

"गाण्यात आहे ना," ती म्हणाली.

मग तिने मिस्त्रीला वर बोलावलं. इतकी वर्षं मशीन उघडून बसलेला माणूस, त्यावर एकदाही खेळला नव्हता. "मला नाही जमायचं," तो म्हणत राहिला. मावशीने त्याच्या खिशातला टेस्टर काढून माझ्याकडे दिला. तो चढला आणि पाण्यात बुडणारा माणूस करतो तसे हात हलवले. आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला, आणि गाणं संपेपर्यंत उतरला नाही.

मिस्त्रीला दुसऱ्या शहरातल्या हॉलमध्ये काम मिळत होतं. तो गेला नाही. मावशीने टेबल भिंतीकडे सरकवलं आणि खिडकीच्या दुसऱ्या बाजूला तो रेडिओ आणि इस्त्र्या दुरुस्त करायला बसला. आईने एकदा स्पष्टच विचारलं, "लग्न करताय का?"

"आमच्या दोघांच्या कामाला उजेड लागतो, आणि खिडकी एकच आहे," मावशी म्हणाली. "एवढंच समज."

नऊ वर्षं ते असे बसले. दुपारी दोघं एकत्र डबा खायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. मग एका हिवाळ्यात त्याची छाती भरली ती मोकळी झालीच नाही. मावशीने चार दिवस दुकान बंद ठेवलं. पाचव्या दिवशी उघडलं, आणि त्याच्याकडे राहिलेल्या इस्त्र्या एकेका गिऱ्हाइकाला घरी नेऊन दिल्या.

आता ती चौऱ्याहत्तरची आहे आणि माझ्याकडे राहते. सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून चिडते. परवा मला मोबाइलवर त्या मशीनचा व्हिडिओ सापडला. कुठल्या तरी देशात एकाने ते अजून चालू ठेवलंय. मी तिला दाखवला. तिने मोबाइल अगदी डोळ्यांपाशी धरला. चौथऱ्यावर एक मुलगी नाचत होती, पाचही दिवे शाबूत.

"डावा हात उशिरा जातोय तिचा," मावशी म्हणाली. मग तिने मोबाइल कानाशी नेला.

"मिस्त्री असता तर बघायचीही गरज नव्हती. नुसतं ऐकून म्हणाला असता, उजव्या बाजूचा स्पीकर गेलाय."

मी कान देऊन ऐकलं. मला काही कळलं नाही. तिने पुन्हा लावायला सांगितलं. आम्ही ते आणखी तीनदा बघितलं आणि मग जेवायला बसलो.