मावशीचे मुके सिनेमे

शिंपीणमावशी ठार बहिरी झालीय, अशी गल्लीत कुजबुज होती. त्यात माझाही वाटा होता, नाकारत नाही. खिडकीतून दिसायचंच ना: बाई काजं करत कॉम्प्युटरवर सिनेमा बघतेय आणि आवाजाचा पत्ता नाही!

तो सिनेमा दाखवणारा प्लेअर तिच्या भाच्याच्या कंपनीचा. त्यातलं सेटिंगचं पान याच्याच हातचं, म्हणून स्वारीची कॉलर कायम ताठ. प्लेअर बसवून गेला तो थेट आठ महिन्यांनी एका रविवारी उगवला.

"मावशे, आवाज कुठंय?"

"असू दे रे. तोंडं हलतात, त्यावरून कळतं."

त्यानं सेटिंग उघडलं. 'ऑडिओ आउटपुट डिव्हाइस'समोर त्याचाच हेडफोन निवडलेला होता. प्लेअर बसवताना यानंच तो जोडला होता आणि जाताना काढून घरी नेला होता.

"मग मला विचारायचंस ना!"

"विचारलं होतं की फोनवर. तू म्हणालास, सगळं तिथं लिहिलंय, जरा वाचत जा. वाचलं बाबा, रोज वाचलं. म्हटलं, आपलंच डोकं चालत नाही."

भाचा मावशीच्या मापाच्या टेपाची गुंडाळी करत बसला. मान काही वर येईना.

सोमवारी ऑफिसात त्यानं ती ओळ खोडून 'आवाज कुठून यायला हवा?' असं लिहिलं आणि मावशीला फोनवर वाचून दाखवलं.

"हे कळलं. आधीच असं का नाही लिहिलंस?"



मावशी बहिरी नव्हती. तिला भाच्याला दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटत होती.