रिकामा डबा

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात भारतीय हॉटेलं पुष्कळ असतील, पण गिऱ्हाइकापेक्षा डब्यावर जास्त जीव असलेला हॉटेलवाला एकच, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. नागपूरहून येताना त्यांनी नाव घातलेले स्टीलचे डबे आणले, आणि अंगावरचे कपडे सोडता फारसं काही आणलं नाही. डायबेटिसमुळे चहा बिनसाखरेचा. तो पितानाचा त्यांचा चेहरा बघून नवं माणूस घाबरून विचारी, "घरी सगळं ठीक आहे ना?"

२०२० मध्ये कोरोनामुळे हॉटेलातली टेबलं बंद झाली, पार्सल तेवढं चालू राहिलं. साडूंनी गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्यांना रोज दुपारी वरण-भात-भाजीचे डबे फुकट पाठवायला सुरुवात केली. पोचवायचं काम माझं, कारण मी घरून काम करत होतो, म्हणजे त्यांच्या मते मोकळाच होतो. आमच्या कंपनीतल्या सामाजिक जबाबदारीवाल्यांनी मदत देऊ केली: कंपनीचं नाव छापलेली खोकी आणि एक फोटो. साडू म्हणाले, "खोक्यावर नाव तुमचं, अन् मीठ जास्त पडलं तर शिव्या मी खायच्या? साहेबाला म्हणा, जबाबदारी घ्यायची ना, मग येऊन कांदे चिरून दे." साहेब काही आले नाहीत.

कोपऱ्यावरच्या घरात ऐंशी ओलांडलेल्या नोराबाई एकट्या राहत. त्या डबा लख्ख घासून परत करायच्या, आणि नेमकं तेच साडूंना खुपलं. "अरे बापा, रिकामा डबा परत करते का कोणी? सांग त्यांना, आमच्यात असं नसते." मी आपलं चेष्टेत सांगितलं. दुसऱ्या दिवशी डब्यात दोन अंडी आली. मग सोडा ब्रेड आला, मग परसातला रुबार्ब, म्हणजे तिथली आंबट देठांची भाजी. त्या रुबार्बची साडूंनी आमटी केली आणि ती मला दोन दिवस खावी लागली.

मग एके दिवशी नोराबाईंनी दार उघडलं नाही. "मी ग्रँड आहे, आज जेवण नको," एवढंच आतून ऐकू आलं. ग्रँड म्हणजे तिथल्या बोलीत ठीक. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पडद्याआडून हळूच म्हणाल्या, "डब्यात घालायला घरात काही उरलं नाही रे."

हे ऐकून साडूंनी गॅस बंद केला. आपल्या शहाणपणापायी बाई दोन दिवस उपाशी! एप्रन न काढताच ते निघाले आणि दोन मीटर लांब, भर पावसात, नागपुरी इंग्रजीत खिडकीशी बोलू लागले, "नोराबाई, चूक माझी आहे. घरात काही नसलं की माझी आई डब्यात चिमूटभर साखर घालायची. तेवढी पुरते." दार उघडलं. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर रोज डब्यातून चिमूटभर साखर यायची. साडू ती बरणीत साठवत आणि म्हणत, "हॉटेल उघडलं की पहिलं पान नोराबाईंचं, खिडकीजवळच्या टेबलावर."

२०२१ च्या उन्हाळ्यात हॉटेल उघडलं. त्याच्या आदल्याच दिवशी नोराबाईंची मुलगी त्यांना कायमचं आपल्याकडे घेऊन गेली. मी निरोप घ्यायला पोचलो तेव्हा घराला कुलूप होतं आणि दारात डबा होता. तो उचलताना हाताला जड लागला. आत काठोकाठ साखर होती.

साडूंनी चहा मागवून त्यात त्या डब्यातली चमचाभर साखर घातली. डायबेटिसची आठवण करून द्यायचं मी उद्यावर ढकललं. दुसऱ्या दिवशी हॉटेल भरून गेलं, पण खिडकीजवळचं टेबल त्यांनी कुणालाच दिलं नाही.