बबनदादांचं बिनचुलीचं जेवण

महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. एके सकाळी शाळेत निघायच्या गडबडीत फाटक उघडलं, तर एक अनोळखी गृहस्थ आमच्या कुंडीतल्या पानओव्याची पानं तोडून चक्क चघळत उभे होते. निळी पँट, डोक्याला पांढरी टोपी, खांद्याला रेक्झिनची पिशवी. चोरानं तरी माणूस बघून दचकावं की नाही? हे गृहस्थ माझ्या हातातल्या नकाशाच्या गुंडाळीकडे बघून मलाच म्हणाले, "मास्तर, दोन वर्षं शोधतोय मी ह्याला. तुमच्या कुंडीत अख्खं ग्रीस हाय, आनि तुमी त्याला पानी पन धड घालत नाय."

मी भूगोल शिकवतो. ग्रीस म्हटलं की राजधानी, द्वीपसमूह आणि भूमध्यसागरी हवामान, एवढं पाच मिनिटांत उरकून मी पुढच्या देशाकडे जातो. आमच्या ओव्याच्या भज्यांचा त्या देशाशी काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्या गृहस्थांनी, बबनदादा त्यांचं नाव, एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाले, "हा वास ग्रीसात पिरेवसच्या बंदरात उतरल्या उतरल्या येतो. म्हाडला तुमच्याकडं येतो." शाळेला मला दहा मिनिटं उशीर झाला, आणि आमची ओळख झाली ती कायमची.

बबनदादा पोलादपूरच्या वर घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. विशीत मुंबईला गेले, तिथून बोटीवर. आधी भांडी घासली, मग कांदे चिरले, आणि पुढे ग्रीक मालकाच्या मालवाहू बोटीवर मुख्य आचारी झाले. वाडीतल्या पुरुषानं चुलीपुढे बसणं म्हणजे थट्टेचा विषय, पण परदेशात बसला तर चालतं. निवृत्त होऊन परत आले तेव्हा सोबत आणल्या त्या दोनच गोष्टी, एक सुरी आणि एक कॅप्टन. सुरी पिशवीत असायची आणि कॅप्टन जिभेवर. "आमचा कॅप्टन म्हनायचा" हे शब्द ऐकू आले की माझी बायको नलिनी हळूच घड्याळ बघायची.

कॅप्टनची शिकवण थोडक्यात अशी होती: उन्हाळ्यात माणसानं फ्रेश खावं, सिंपल खावं आणि आगीपासून लांब राहावं. बबनदादांनी त्याचं सुटसुटीत मराठी केलं होतं, "चूल बंद, तोंड चालू." त्यांचं स्वतःचं तोंड तर बारा महिने चालू असायचं.

आता ग्रीसचं जेवण पोलादपुरात करायचं म्हणजे सामान आलं. ऑलिव्हच्या जागी बबनदादा चैत्रात रानात फिरून हिरवी करवंदं आणायचे आणि मिठाच्या पाण्यात मुरवायचे. पहिल्यांदा मी एक तोंडात टाकलं, तेव्हा माझे दोन्ही डोळे आपोआप मिटले. "बरोबर!" दादा खूश होऊन म्हणाले, "कॅप्टनचे पन असेच मिटायचे." त्यांच्याकडचं खारं चीज म्हणजे दूध लिंबावर फाडून, फडक्यात बांधून, वर वरवंटा ठेवून दाबायचं आणि मग खारवणीत बुडवायचं. दह्याचा चक्का टांगायचा, त्यात काकडी आणि लसूण. टोमॅटो, काकडी, कांद्याचे बोटबोट जाडीचे तुकडे, वरून करवंदं, चीज, पानओवा. शेवटी कलिंगड, आणि त्याच्यावरही तेच खारं चीज. कलिंगडावर चीज बघून आमच्या नलिनीनं "अगं बाई!" म्हणून पदर तोंडाला लावला. खाल्ल्यावर मात्र तिनं दुसरी फोड घेतली, ती कुणाला न सांगता.

तेलाची मात्र पंचाईत होती. ऑलिव्हचं तेल विचारायला दादा महाडच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं मालिशची छोटी बाटली पुढे करत विचारलं, "बाळ केवढं आहे काका?" दादा म्हणाले, "एकसष्ट वर्षांचं." मग रागारागानं घाण्याचं तीळतेल घेऊन घरी गेले. पुढे कायम तेच चाललं.

दर मे महिन्यात मुंबईहून भावकी आली की दादा एका दुपारी हे जेवण मांडायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हाची गंमत अजून आठवते. सगळी मंडळी पडवीत बसली. सगळ्यांनी पानाच्या डाव्या बाजूला चमचाभर ते सॅलड घेतलं, चिमूटभर चक्का घेतला, आणि हात मांडीवर ठेवून शांतपणे वाट बघू लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी दादांचे चुलतभाऊ म्हणाले, "बबन, कोशिंबीर झ्याक हाय रे. आता पानं वाढायला घे की." दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हेच जेवन हाय!" ते ओरडले. तेवढ्यात आतून शेवंतावहिनी, म्हणजे दादांची बायको, वाफाळता भात आणि मच्छीचं कालवण घेऊन आली. मंडळींनी अशी आरोळी ठोकली की मी दचकलोच. वहिनीनं पहाटेच उठून, नवऱ्याला न सांगता, चूल पेटवली होती.

दरवर्षी हेच. दादा चूल बंद ठेवायला सांगायचे आणि वहिनी मागच्या दारी ती पेटवायची. "पाव्हन्यास्नी गवत घालून धाडू काय?" ती विचारायची. "दूध नासवायला बोटीवर कशाला जायाला होवं? ते माजं घरात पन नासतं." मी अर्थातच वहिनीच्या पक्षात होतो. दादा दिसले की मी विचारायचो, "काय, यंदा गवत कसं आलंय?"

ही थट्टा मी शेवटची केली ती वीर स्टेशनाहून येताना. मी माझ्या भावाला गाडीवर सोडायला गेलो होतो, दादा मुंबईहून उतरले होते. महाडला येताना एकाच रिक्षात बसलो. मी नेहमीचा प्रश्न टाकला, तर ते हसले नाहीत.

"मास्तर, एक सांगू? एकदा कॅप्टननं मला त्याच्या घरी नेला. दुपार व्हती. त्याच्या बायकोनं असंच सगळं थंडगार टेबलाच्या मधी मांडलं आनि सोता खुर्ची वढून बसली. ती बसंपरत कुनी हात नाय लावला. दोन तास जेवलो. ती एकदा पन उठली नाय. उठायचं कशाला? चुलीवर कायच नव्हतं." रिक्षा खड्ड्यातून उडाली, दादांनी पिशवी सावरली. "माज्या लग्नाला अडतीस वर्सं झाली. मी हजारो मान्सांना जेवताना बगितलंय. माजी बायको कशी जेवते ते मला ठाव नाय. मी जेवतो तवा ती भाकऱ्या भाजते. मी हात धुतो तवा ती भांडी गोळा करते. कधी जेवते, देव जाने."

 इतकी वर्षं मी ज्याला या माणसाचं ग्रीसचं खूळ समजत होतो, ते खूळ ग्रीसचं नव्हतंच. त्यांना फक्त एकदा बायकोच्या शेजारी बसून जेवायचं होतं. मला स्वतःची लाज वाटली. घरी येऊन नलिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "यंदा आपण दोघंच जाऊ. भावकी नको. पाहुणे नसले की तिला चूल पेटवायला निमित्त राहणार नाही." आमच्या घरात युद्धाचे बेत नलिनीच आखते.

त्या मे महिन्यात आम्ही दोघं दुपारी बाराच्या सुमारास वाडीवर पोचलो, तर घरात तुंबळ भांडण चाललेलं. दादांनी गॅसचा रेग्युलेटर काढून खिशात टाकला होता, आणि मागच्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं होतं. "भरल्या घरात चुलीवर पानी वततात काय?" वहिनी पदर खोचून विचारत होती. "बोटीवरनं ह्येच शिकून आलात?" दादा अपराधी चेहऱ्यानं पाव कापत होते. पावही महाडहून आणलेले, कारण भाकरी आली की तवा आला, आणि तवा आला की वहिनी गेली.

पडवीत चटई अंथरली. मधोमध मोठी परात, तिच्याभोवती चक्का, करवंदं, चीज, कलिंगड. आम्ही तिघं बसलो. वहिनी दारात उभी.

"बस गो," दादा म्हणाले.

"तुमी सुरवात करा. वाढायला कुनी नको?"

"सगळं हितं हाय. काय वाढनार?"

वहिनीनं आत वळून बघितलं. आत खरोखर काही नव्हतं. ओली चूल, पालथी भांडी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकघरात तिला काही काम उरलं नव्हतं, आणि ती अगदी कावरीबावरी झाली. नलिनीनं तिचा हात धरून तिला खाली ओढलं. ती बसली, पण एक गुडघा उभा ठेवून, केव्हाही उठता येईल अशी.

दादांनी परातीतला काकडीचा सगळ्यात चांगला तुकडा तिच्यापुढे केला. तिनं तो तोंडात घेतला. मग बराच वेळ तो तोंडातल्या तोंडात इकडून तिकडे फिरत राहिला. कांद्याला तिनं हात लावला नाही. करवंद उचललं आणि परत ठेवलं. थोडं चीज खाल्लं, कलिंगडाची फोड समोरच्या दातांनी कुरतडली. दादा तिच्याकडे टक लावून बघत होते. 

"गो," शेवटी ते म्हणाले, "तुज्या दाढा कुठं हायत?"

"गेल्या."

"कधी?"

वहिनी सहज सांगू लागली, घरातल्या गाईम्हशींचा हिशेब सांगावा तशी. "उजवीकडची पयली गेली तवा तुमी बोटीवर व्हतात. दुसरी गेली तवाय बोटीवरच." मग जरा थांबून म्हणाली, "बाकीच्या तीन गेल्या तवा हितंच व्हतात."

 नऊ मे महिने दादा तिच्यासाठी हे जेवण मांडत आले होते, आणि त्यातलं निम्मं तिला चावताच येत नव्हतं. तिनं एकदाही तसं सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला, आणि विचारलं कोणी?

दादा उठले. आत जाऊन किसणी आणली आणि तिच्या अगदी शेजारी बसून काकडी किसायला लागले. सुरीनं डोळे मिटून कांदा चिरणारा माणूस, पण त्या दिवशी दोनदा बोटं किसून घेतली. कीस चक्क्यात घातला, टोमॅटो हातानं कुस्करून घातला, चीज मोडून मऊ केलं, पावाचा पांढरा भाग त्यात भिजवला. या पदार्थाला ग्रीसमध्ये काय म्हणतात ते त्यांनी सांगितलं नाही. बहुधा काहीच म्हणत नसावेत. वाटी भरून तिच्या हातात दिली.

वहिनी खायला लागली. आधी आमच्याकडे पाठ करून, मग हळूहळू सरळ बसून. तो उभा गुडघा कधी खाली आला ते मला कळलं नाही. ती जेवत होती आणि दादा समोरचं सगळं विसरून तिला जेवताना बघत होते, डोळ्यांतलं पाणी न पुसता. आम्ही दोघं उगाचच कलिंगडाच्या बिया मोजत बसलो.

बबनदादांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांचा विषय निघाला की लोक करवंदांच्या आणि मालिशच्या तेलाच्या गोष्टी सांगतात, आणि मीही त्यात तिखटमीठ लावतो. पण मला मनातून दिसते ती त्या दुपारची शेवंतावहिनी. तिनं वाटी बोटानं निपटून स्वच्छ केली आणि नवऱ्यापुढे धरली.

"आजून हाय काय?" तिनं विचारलं.

वाडीतल्या लग्नकार्यांत चारशे पानं वाढलेली ती बाई. तिनं कुणाकडे वाढ मागितलेली मी तरी कधी ऐकली नव्हती. दादांनी नाक ओढलं आणि दुसरी काकडी सोलायला घेतली.