सुरतेहून आलेला मित्र

सुरतेत प्लेग पसरल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा माझा खोलीतला मित्र तिथेच बहिणीकडे होता. बंगलोरच्या शिवाजीनगरात आम्ही दोघं पुण्याची मुलं दोन वर्षं एकत्र राहत होतो. तो परत आला त्या सकाळी मी जिन्यातच त्याच्या हातात किल्ली दिली आणि माझी बॅग उचलली.

"मला काही झालेलं नाही रे," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हणालो आणि खाली उतरलो.

ऑफिसातल्या एकाची के. आर. पुरमची खोली रिकामी होती. तिथे मी आठ दिवस काढले. ओळखीचं कुणी नव्हतं. जरा घसा खवखवला तरी मी कपाळाला हात लावून बघायचो. रोज संध्याकाळी बूथवरून घरमालकीण अक्कांना फोन करायचो.

"स्वल्प खोकला आहे, पण जेवतो बरा," त्या सांगायच्या. "त्याला बोलावू का?"

मी रोज नको म्हणायचो. काय बोलणार होतो?

नवव्या दिवशी परत गेलो. त्याचा खोकला गेला होता. तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "गेलास ते बरं केलंस. मीही गेलो असतो."

त्याने ते मनापासून म्हटलं असावं. पण मला मात्र, तो गेला नसता, असंच वाटत राहिलं. दोन महिन्यांनी त्याने ऑफिसजवळ खोली घेतली. सामान खाली उतरवायला मी मदत केली, आणि वर येऊन एकट्यापुरता भात लावला.