पेंटरनं काढलेला पेंटर

"तोंडाचं काय, दुरुस्त करून टाकू," असं म्हणत पेंटर गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी वर उचलायचा. बहारीनमधल्या मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, तुम्ही कधी राहिला असाल, तर असा एखादा महाभाग तुम्हीही पाहिला असेल. मी समोरच्या कापडाच्या दुकानात कारकून होतो. त्यामुळे मला तो रोज, नको असतानाही दिसायचा.

मूळचा मालवणकडचा. पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा आणि फोटोवरून चित्रं काढणं हा माज. त्याच्या ब्रशाखालून गेलेला प्रत्येक माणूस गोरा आणि गुबगुबीत होऊन बाहेर पडायचा. देवीचे व्रण, सुरकुत्या, पडलेले दात, सगळं खलास!

स्वतःलाही त्यानं सोडलं नव्हतं. साठीला टेकलेला हा गृहस्थ केसांना कलप लावून फोटो काढून घ्यायचा, त्यावर रंगाचा हात फिरवायचा आणि गावी बायकोला पाठवायचा. स्वतः मात्र कित्येक वर्षांत तिकडे फिरकला नव्हता. "सुट्टी मिळत नाही," म्हणायचा. स्वतःच्याच दुकानात याला सुट्टी कोण नाकारत होतं, देव जाणे.

हिद्दच्या गोदीतल्या एका डच इंजिनिअरनं त्याला कॅलेंडर दिलं होतं. त्यात कुणा जुन्या डच चित्रकारानं म्हातारपणी काढलेलं स्वतःचंच चित्र होतं. फुगलेलं नाक, लोंबते गाल, मागे काळोख. पेंटर मला बोलावून खदाखदा हसला. "बघ रे, या येड्याला स्वतःचं नाकसुद्धा नीट करता आलं नाही!"

मग एका वर्षी बायकोच व्हिजिट व्हिसावर आली. माझी हौस म्हणून मीही विमानतळावर गेलो. पेंटर टाय लावून उभा. बाई बाहेर आली, त्याच्याकडे बघितलं आणि सरळ पुढे निघून गेली. हातातला फोटो माझ्यासमोर धरून म्हणाली, "ह्येंका खंय बघितलात काय?"

"अगो, मीच तो," मागून पेंटर म्हणाला.

तिनं एकदा फोटोकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "असे झालात, माका कळवूक नाय?"

याची जिरावी असं मला कधीपासून वाटत होतं. पण त्याचं तोंड बघून हसायचं राहूनच गेलं.

त्यानंतर त्यानं दुकान बंद ठेवलं, कॅलेंडरचं ते पान भिंतीला लावलं आणि आरशासमोर बसला. दाढीचे पांढरे खुंट, डोळ्यांखालच्या पिशव्या, पडलेला दात, सगळं काढलं. चित्र चांगलं होतं म्हणावं तर तेही नाही. कान भलतीकडे, मान पाटीवरच्या अक्षरासारखी ताठ. त्या डच चित्रकाराशेजारी ते ठेवणं म्हणजे त्याचा अपमानच. फक्त डोळे जमले होते. बायको पुढे निघून गेल्यावर तो जसा बघत राहिला होता, तसेच.

सूकमधली माणसं येऊन बघून जायची. "मास्तर, आजारी आहात की काय?" एका दुकानदारानं विचारलं.

"होतो," पेंटर म्हणाला.

बाईचा व्हिसा संपला, तेव्हा दुकान मोडून तोही तिच्याबरोबर निघाला. चित्र अजून पुरतं वाळलं नव्हतं. टॅक्सीवाला ते डिकीत ठेवायला निघाला, तर बाईनं त्याच्या हातातून काढून मांडीवर घेतलं.

"अगो, लुगड्याक रंग लागतलो," पेंटर पुढच्या सीटवरून म्हणाला.

"लागांदे," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी ते पोटाशी धरलं.